प्रश्न तुमचे: जिउ-जित्सूचा अभ्यासक्रम कसा आखावा?

प्रश्न : आमच्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या (मुख्यतः जमिनीवर पकडींनी लढायची कुस्ती) वर्गात दर आठवड्याला कोणीतरी नवीन येतं. पुन्हा पहिल्यापासून शिकवलं तर जुने कंटाळतात, पुढे गेलं तर नवे गोंधळतात. काय करावं?

नवशिक्यांचा अभ्यासक्रम फिरता ठेवा. १२ आठवड्यांचं एक चक्र आणि प्रत्येक आठवडा स्वतःपुरता पूर्ण. मग सातव्या आठवड्यात आलेलाही अडत नाही. राहिलेलं त्याला पुढच्या फेरीत मिळतं. वाटणी डावांनुसार नको, पोझिशननुसार करा. माउंट (समोरच्याच्या अंगावर बसणं), साइड कंट्रोल (बाजूने दाबून धरणं) आणि बॅक कंट्रोल (पाठीमागून पकडणं) यांना दोन-दोन आठवडे, क्लोज्ड गार्डला (खालून पायांनी कंबर कवटाळणं) तीन, हाफ गार्ड (खालून त्याचा एकच पाय पायांत धरणं), ओपन गार्ड पास (खालच्याचे मोकळे पाय ओलांडून जाणं) आणि टेकडाउन (उभ्याने खाली पाडणं) यांना एकेक.

जिथे दोन आठवडे आहेत तिथे पहिला सुटकेचा. नवा माणूस सुरुवातीला बहुतेक वेळ खालीच दबलेला असतो, त्याला आर्मबारपेक्षा (कोपर ताणणारी पकड) श्वास घ्यायला जागा हवी असते! माउंटच्या पहिल्या आठवड्यात ब्रिज करून (कंबर वर उचलून) उलटवणं आणि कोपर-गुडघा एस्केप (कोपर-गुडघा आत घालून निसटणं), एवढंच. ब्रिज फसतो तो बहुधा एकाच कारणाने: वरच्याचा हात आणि त्याच बाजूचा पाय, दोन्ही अडकवायच्या आधीच कंबर उचलली जाते. मग तो मोकळा हात किंवा पाय टेकवून सावरतो. ब्रिजही सरळ वर नको, अडकवलेल्या बाजूच्या खांद्यावरून तिरका हवा. दुसऱ्या आठवड्यात माउंट टिकवणं आणि अमेरिकाना (वाकवलेला हात पिळणारी खांद्याची पकड).

६० मिनिटांत १० मिनिटं हिप एस्केप (कुशीवर वळून कंबर सरकवणं), ब्रिज, ब्रेकफॉल म्हणजे न लागता पडणं (मॅटभोवती पळवण्यात वेळ घालवू नका), २० मिनिटं जास्तीत जास्त दोन डाव, १५ मिनिटं त्याच पोझिशनमधून स्पारिंग (सरावाची लढत), १० मिनिटं मोकळं रोलिंग (पोझिशन न ठरवता सरावाची लढत). उरलेली पाच शंकांसाठी.

जुन्यांनाही त्या आठवड्याची तीच पोझिशन द्या, फक्त खोली वाढवा. क्लोज्ड गार्डमध्ये नवे हिप बंप स्वीप (खालून कंबरेने धक्का देऊन उलटवणं) करतील. जुने त्याचीच साखळी करतील: समोरच्याने मागे हात टेकून स्वीप अडवला की किमुरा (हात पाठीमागे पिळणारी पकड), पुढे रेटून डोकं खाली आणलं की गिलोटिन (पुढून गळ्याची पकड).

प्रश्न : नव्यांना रोलिंग कधीपासून द्यावं?

पोझिशनल स्पारिंग पहिल्या दिवसापासून चालेल. मात्र त्याआधी टॅप (हार मानल्याची खूण म्हणून हात आपटणं) कसा करायचा, तोंडाने कसा सांगायचा आणि जोडीदाराने तत्क्षणी कसं सोडायचं हे शिकवा. दोन मिनिटांची फेरी, सुटका झाली की पुन्हा तिथूनच. मोकळ्या रोलिंगसाठी पहिले दोन-तीन महिने निळ्या किंवा जांभळ्या बेल्टचा (नव्यांच्या पांढऱ्यापुढचे टप्पे) जोडीदार द्या. दोन अगदी नवे एकमेकांना भिडवणं सगळ्यात धोक्याचं, कारण दोघांनाही जोर कुठे थांबवायचा ते कळत नाही.

प्रश्न : निळ्या बेल्टच्या पुढच्यांना शिकवायला नवीन काही उरत नाही, असं वाटतं.

नव्या डावांची भर घालत बसू नका. चार आठवडे एकच विषय घ्या. उदाहरणार्थ हाफ गार्ड: आधी नी शील्ड (मध्ये गुडघा आडवा धरणं) आणि अंडरहूक (काखेखालून हात घालणं), मग समोरच्याने क्रॉसफेस देऊन (हाताने चेहरा वळवून) सपाट केलं तर परत कुशीवर कसं यायचं, तिसऱ्या आठवड्यात स्वीप आणि पाठ घेणं, चौथ्यात हेच सगळं वरच्याच्या बाजूने. निम्मा वेळ स्पारिंगला ठेवा आणि त्यात परिस्थिती ठरवून द्या: ‘दोन गुणांनी मागे, ९० सेकंद शिल्लक.’ आयबीजेजेएफच्या (आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघ) नियमांत स्वीपला २, गार्ड पासला ३, माउंट आणि बॅक कंट्रोलला ४ गुण आहेत, तेही पोझिशन ३ सेकंद टिकवली तरच. घाईने उलटवून लगेच निसटू देणाऱ्यांची खोड अशाने दिसते.

प्रश्न : हील हुक (टाच पकडून गुडघा पिळणारी पकड) कधी शिकवावा?

आयबीजेजेएफ तो गीमध्ये (जाड जॅकेट-पॅन्टचा पोशाख) कुणालाच देत नाही. नो-गीमध्ये (त्या पोशाखाशिवाय) २०२१ पासून प्रौढ तपकिरी आणि काळ्या बेल्टना देते. पण ओळखणं आणि टॅप करणं निळ्या बेल्टपासूनच शिकवा. यात दुखायला लागण्याआधीच गुडघ्याचा लिगामेंट जाऊ शकतो, त्यामुळे टाच पकडली गेली आणि गुडघा सोडवता येत नाही असं दिसलं की टॅप. सरावात पकड पक्की झाली की थांबायचं, पीळ द्यायचा नाही.