शनिवार सोडू नकोस

प्रश्न : बाई, मी घणसोलीत राहते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयावर पीएच.डी. करते आहे. दर शनिवारी अफगाणिस्तानातून आलेल्या एका कुटुंबातल्या दोन मुलांना मराठी शिकवते. मार्गदर्शक म्हणतात, श्रद्धा संशोधनाबाहेर ठेव. पपा म्हणतात, आधी प्रबंध संपव. मी काय करू?

उत्तर : लेकी, शनिवार सोडू नकोस. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. पुढे तिथेच हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करत बसल्या, आणि ते छापायला खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले तिथल्याच बायकांनी. एकाच आवारात दोन्ही कामं चालली.

मार्गदर्शकांचं मात्र मनावर घे. तुझ्या वयाची असताना मी मिशनऱ्यांची जुनी पत्रं वाचत होते. एकात गावकऱ्यांविषयी इतकं तुच्छतेनं लिहिलं होतं की मी ते उतरवूनच घेतलं नाही. आपल्या लोकांची बदनामी नको, एवढंच डोक्यात. महिन्याभरानं मूळ कागद दाखवायची वेळ आली आणि मला मान वर करता येईना. त्या रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकले तरी तेच पत्र डोळ्यांपुढे. सोमवारी ते प्रकरण नव्यानं लिहायला घेतलं. तूही रमाबाईंवर लिहिशील तेव्हा १८९३ साल गाळू नकोस. धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी शारदा सदनातून, म्हणजे विधवांसाठी रमाबाईंनी काढलेल्या शाळेतून, मुली काढून नेल्या होत्या.

म्हणूनच सांगते, शिकवणीआधी त्या मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ नकोस. ज्याला आपली गरज आहे, त्याला आपल्याला नाही म्हणता येत नाही.

आता कागदांचं. भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अशा घराची सगळी भिस्त हातातल्या कागदांवर. पासपोर्ट, भाडेकरार, शाळेचा अर्ज, सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते अक्षर न् अक्षर पडताळून बघ. तुझ्यासारख्या पोथ्या ताडून पाहणारीला ते छान जमेल. मुलं सहा ते चौदा वयाची असतील आणि शाळा जन्मदाखल्यावर अडत असेल, तर २००९चा शिक्षणहक्क कायदा सोबत ने. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आमच्या कोपरीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. शेजारच्या काकींचं आडनाव रेशनकार्डावर चुकलं होतं. ते दुरुस्त होईपर्यंत माझ्या सासूबाई त्यांच्यासोबत कचेरीच्या पायऱ्या चढत राहिल्या. सासूबाई चौथी शिकलेल्या. पण मत्तयाचा पंचविसावा अध्याय त्यांना तोंडपाठ होता, परक्याला घरात घेतलं तो ख्रिस्तच, हे सांगणारा.

पपांना एका शनिवारी बरोबर घेऊन जा. मुलांच्या वह्या त्यांनाच तपासायला दे.