पहिल्या ड्रॅग शर्यतीला उतरण्यापूर्वी
ड्रॅग शर्यत म्हणजे दोन गाड्यांनी थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ पट्टीवरचे ठरलेले छोटे अंतर आधी गाठण्याची चढाओढ. जळगाव-धुळे महामार्ग रात्री कितीही मोकळा दिसला, तरी तिथे सराव करू नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, आणि समोरून केळीचा ट्रक आला तर चूक तुम्हा एकट्याला भोगावी लागत नाही. परवानगी असलेल्या धावपट्टीवरची ४०२ मीटरची शर्यत बहुतेकदा पहिल्या काही मीटरांतच ठरते. चाके जागेवर फिरून धूर निघाला की प्रेक्षक ओरडतात, पण वेळ वाया जातो. म्हणून इंजिनाचे फेरे आवाक्यात ठेवून क्लच सोडा आणि टायरने रस्ता धरल्याचे जाणवल्यावरच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. घड्याळ दिवा हिरवा झाल्यावर नव्हे, तर गाडीने आरंभरेषेवरचा किरण (गाडीची जागा टिपणारा प्रकाशाचा झोत) सोडल्यावर सुरू होते. त्यामुळे चांगली वेळ नोंदवूनही, उशिरा निघालेला माणूस हरू शकतो. टायरमधली हवा मात्र खानदेशच्या उन्हाळ्यात पहाटेच, टायर थंड असताना तपासा.