भांडी वेगळी, खिडकी मात्र बंद

प्रश्न : सुनेच्या थुंकीच्या तपासणीत एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग, निघाला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण, त्यात चार वर्षांची नात. सुनेचं ताट-वाटी, कपडे वेगळे केलेत. गारवा बाधू नये म्हणून खिडकी बंद ठेवतो. आणखी काय करावं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आधी खिडकी उघडा आणि भांडी पुन्हा एकत्र करा. ताट-वाटीतून किंवा कपड्यांतून टीबी पसरत नाही. वेगळ्या ताटामुळे आजारी सून फक्त एकटी पडते. जंतू पसरतात हवेतून. खोकताना, बोलताना उडालेले अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. औषधांना दाद न देणारे जंतूही याच वाटेने दुसऱ्याच्या फुप्फुसात जातात.

छत दहा फुटांवर धरलं तर तुमच्या खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा आहे. दोन बाय तीन फुटांची खिडकी आणि तिच्या समोरचं दार दोन्ही सताड उघडं असेल, तर सेकंदाला 30 सेंटिमीटर इतक्या मंद झुळुकीतही तासाला अकरा-बारा वेळा हवा बदलते. बारा वेळा बदलली तर 99 टक्के कण 23 मिनिटांत निघून जातात. दोनदाच बदलली तर सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागतो. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांची मोजणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातही उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत हवा सगळ्यांत जास्त खेळती आढळली, यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांपेक्षाही जास्त.

वारा कुठून कुठे जातो ते अगरबत्तीने बघा. सुनेच्या उशाशी धरा. धूर नातीच्या अंथरुणाकडे वळला, तर झोपण्याच्या जागा बदला. वारा ज्या बाजूने बाहेर पडतो, त्या बाजूला सून. बाकीचे वारा आत येतो तिकडे. धूर जागीच घुटमळत असेल तर उभा पंखा असा ठेवा, की सुनेजवळची हवा खिडकीबाहेर फेकली जाईल. खिडकी बंद ठेवून छताचा पंखा लावला तर तो तीच हवा घुसळतो. गारव्यासाठी एक गोधडी वाढवा.

घरात माणसं असताना सुनेने साधा तीनपदरी सर्जिकल मास्क लावावा. शुश्रूषा करणाऱ्याला एन-95 हवा, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. दाढी असेल तर कडेने फट राहते आणि मास्क निरुपयोगी होतो. थुंकी झाकणाच्या डब्यात, 5 टक्के फिनॉलमध्ये किमान तासभर ठेवून संडासात ओता. बाथरूमचं पांढरं फिनाइल म्हणजे हे फिनॉल नव्हे, दुकानात नीट विचारून घ्या.

मात्र सर्वांत मोठा बचाव म्हणजे योग्य औषधं न चुकता घेणं. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन हा 26 आठवड्यांचा कोर्स दिला असेल, तर पायांना मुंग्या येणं, अंधुक दिसणं, छातीत धडधडणं लगेच डॉक्टरांना सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. कुणाला खोकला-ताप असेल, वजन घटत असेल, तर थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या यंत्रांवर तपासायला सांगा. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही ते त्याच दिवशी कळू शकतं. नातीला खोकला नसला तरी याच आठवड्यात न्या, आणि आईला एमडीआर आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. तिच्यासाठी प्रतिबंधक औषध त्यावरूनच ठरतं.