झाडं जवळजवळ असतील तर हॅमॉक कसा बांधावा?

आधी झाडांमधलं अंतर मोजा. ३.३ मीटर लांबीचा हॅमॉक नीट झोळ पडेल असा टांगला, तर त्याच्या दोन टोकांमध्ये सरळ रेषेत साधारण २.७५ मीटर अंतर राहतं, म्हणजे लांबीच्या ८३ टक्के. झाडं ३ मीटरवर असली तरी काम होतं, फक्त हॅमॉक खोडाला बांधायच्या पट्ट्याला जागा उरत नाही. अशा वेळी पट्टा खोडाभोवती दोन-तीन वेढे जास्त घेऊन संपवा आणि कॅराबिनर (पट्टा आणि हॅमॉक जोडणारी, उघडझाप होणारी धातूची कडी) खोडाला जवळजवळ चिकटेल असा अडकवा. मधल्या जास्तीच्या दोऱ्या काढूनच टाका.

अंतर त्याहून कमी असेल तर पट्टे वर सरकवावे लागतात, नाहीतर बूड जमिनीला टेकतं. वर बांधल्याने झाडांवरचा ताण वाढेल अशी भीती वाटते, पण होतं उलटंच. पट्टा आडव्याशी ३० अंशांत असेल तर प्रत्येक बाजूला जवळपास तुमच्या वजनाइतका ताण येतो; ४५ अंशांत तो वजनाच्या सुमारे ७० टक्क्यांवर येतो. तोटा एवढाच की झोळ खोल होतो, पाठ वाकते. तिरकं झोपलात तर थोडा फरक पडतो, पण रात्रभर झोपायला मला तरी ते पटत नाही. बसून वाचायला ठीक.

हॅमॉकचं एक टोक गोळा करून गाठ मारली की लांबी कमी होते, हाही एक उपाय. त्याआधी तिरप्या रेषेतलं तिसरं झाड मिळतंय का बघा. बहुतेक वेळा मिळतं.