तेल जाड नसतं, घट्ट असतं

विचारणा अशी आहे: 'डिझेल गाडीला जाड इंजिन ऑइल घालावं की पातळ? आणि तेलाला जाड म्हणणं बरोबर आहे का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. कापड जाड, पुठ्ठा जाड, भिंगं जाड. द्रव दाट असतो किंवा घट्ट असतो. त्याहून कानाला टोचतं ते 'जड ऑइल' आणि 'पंधरा वेटचं ऑइल'. वजनाचा इथे काडीचा संबंध नाही. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट, तरी पाण्यावर तरंगतं. म्हणजे वजनाला हलकंच. तेलाच्या डब्यावर लिहिलेल्या '१५डब्ल्यू-४०'मधला डब्ल्यू वेटचा नव्हे, विंटरचा. हिवाळ्याचा.

आता खरी मजा. संस्कृतात 'श्यै' म्हणजे थिजणे, गोठणे. पाणिनीने या धातूसाठी वेगळं सूत्र केलं आहे. पातळ पदार्थ थिजला की रूप होतं 'शीन', जसं थिजलेलं तूप. स्पर्श थंड असेल तर होतं 'शीत'. तिसरं रूप 'श्यान', आणि त्यावरून घट्टपणाला शास्त्रीय शब्द 'श्यानता'. म्हणजे थंडी आणि तेलाचा घट्टपणा ही एकाच धातूची सख्खी भावंडं! डब्यावरच्या डब्ल्यूला जे सांगायचं आहे ते या धातूत आधीपासून आहे. मराठीत हेच काम 'थिजणे' करतं: तूपही थिजतं, थंडीने बोटंही थिजतात.

'जड'चंही तेच. अमरकोशात हा शब्द शिशिर, शीतल, हिम यांच्या पंगतीत बसला आहे, अर्थ थंड. माझं ठाम मत आहे की 'जीभ जड झाली', 'पाय जड झाले' यांत वजन नाहीच, गारठून आखडणं आहे. त्या जुन्या अर्थाने पहाटेचं तेल खरोखर जड असतं. पण आज जड म्हटलं की वजनच मनात येतं, म्हणून तेलाला तो शब्द नको.

काही मराठी पुस्तकं श्यानतेऐवजी 'विष्यंदिता' लिहितात. हे मला अजिबात मान्य नाही. 'स्यंद्' म्हणजे वाहणे, पाझरणे. भरधाव रथाला 'स्यंदन' म्हणतात ते त्यामुळेच. 'विष्यंद' म्हणजे वाहून जाणं. वाहण्याला होणाऱ्या विरोधाला वाहण्याचंच नाव? घट्टपणाच्या इंग्रजी 'व्हिस्कॉसिटी'शी उच्चार जुळतो एवढंच त्याचं भांडवल. तिकडे मूळ लॅटिन 'विस्कम' म्हणजे पक्षी धरायचा चिकटा, जो एका बांडगुळाच्या फळांपासून करत. चिकटपणाचा शब्द टाकून ओघळण्याचा घ्यायचा, याला परिभाषा म्हणत नाहीत. 'श्यानता हिंदीतून आला' ही तक्रारही पोकळ आहे. पाणिनीचा धातू कोणा एका भाषेची मिरास नाही.

राहिला गाडीचा प्रश्न. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. ५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. मागचा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या घट्टपणाचा. दोन्ही आकडे प्रतवारीचे, अंशांचे नव्हेत. '५डब्ल्यू-३० थंडीत पातळ आणि गरम झाल्यावर घट्ट होतं' हे साफ चूक. कुठलंही इंजिन ऑइल थंडीत घट्ट आणि तापल्यावर पातळच. हेच तेल ४० अंशांना १०० अंशांपेक्षा सुमारे सहापट घट्ट असतं. आकडा लहान म्हणजे थंडीत कमी थिजतं, इतकंच.

डिझेल म्हणून घट्टच तेल हवं असा नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेली प्रत आणि मानक दोन्ही पाहा. धुराड्यात काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, असेल तर कमी राखेचं तेल लागतं, आणि ते नुसत्या ५डब्ल्यू-३० या आकड्यांवरून कळत नाही. तेलात काजळी साठली की ते घट्ट होत जातं. गाळणीतली काजळी जाळून ती साफ होताना डिझेल तेलात उतरलं तर तेल पातळ होतं. तेल मोजायच्या दांडीवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर तेलात डिझेल मिसळल्याची शंका घ्यावी आणि गाडी लवकर दाखवावी.