पान्हा धरणाऱ्या हातांचं पाचारण

नगरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 58, एसटीच्या कार्यशाळेत 33 वर्षं मेकॅनिक, नुकतेच निवृत्त. ते लिहितात: "ताई, मिशनसेवेला कोण जाईल, असं पाळकसाहेबांनी रविवारी विचारलं आणि मला भरून आलं. पण मी ना डॉक्टर, ना उपदेशक. चारचौघांत मोठ्यानं प्रार्थनासुद्धा करता येत नाही. बायको म्हणते, आयुष्य डेपोत गेलं, आता तरी घरी बसा. माझ्यासारख्याला देव बोलावतो का?"

भाऊ, सप्रेम सलाम.

बायबलमधला निर्गम 31 उघडा. 'मी याला आत्म्यानं भरलं' असं देव तिथे ज्याच्याविषयी सांगतो तो बसालेल याजक नव्हता, संदेष्टा नव्हता. तो धातू, लाकूड आणि रत्नांचं काम करणारा कारागीर होता. पंडिता रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल केडगावच्या मुक्ती मिशनात छापलं गेलं, तेव्हा छपाईचे खिळे जुळवणारे हात तिथल्याच स्त्रियांचे होते. तुमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं आणि अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका बनवलं. तेव्हा देव बोलावतो का, हा प्रश्न मला पडतच नाही. कुठे जायचं, किती दिवस आणि काय करायचं, ते पाहू.

दूरचं राज्य आत्ता नको. एका एसटी प्रवासात पोचता येईल असं मिशन हॉस्पिटल शोधा आणि अधीक्षकांना एक पानी पत्र लिहा. वय, येणारी कामं, मोकळ्या तारखा आणि राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः करणार की नाही, एवढंच लिहा. सोबत पाळकसाहेबांचं शिफारसपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला जोडा. आवारात मुलं आणि एकट्या स्त्रिया राहतात. दाखला मागितला तर त्यात अपमान नाही, आणि मागितला नाही तरी द्या. हेपॅटायटिस बीची लस आजच सुरू करा. दुसरा डोस महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी असतो. हॉस्पिटलच्या कचऱ्यातली सुई मेकॅनिकच्या हातालाही टोचते.

पहिली भेट तीन दिवसांची, नंतर चार आठवडे. त्यातला पहिला आठवडा अवजार हातात घ्यायचं नाही. तिथल्या देखभाल कर्मचाऱ्याबरोबर फिरा आणि वहीत लिहा. मनापासून आलेले सेवक बहुतेक इथेच चुकतात. आल्या आल्या दुरुस्ती सुरू करतात, तिथल्या माणसाचा मान जातो आणि सेवक परतला की यंत्रही बंद पडतं.

तुम्हाला काम भरपूर मिळेल. व्हीलचेअरपासून सुरुवात करा. पुढची लहान चाकं अडतात, कारण आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळले जाऊन बेअरिंगमध्ये शिरतात. चाक काढून साफ केलं की बऱ्याचदा नवं चाक लागतच नाही. ब्रेक धरत नसेल तर लगेच बोल्ट आवळू नका. हवेच्या टायरवर ब्रेकचा दांडा टायरलाच दाबतो, हवा कमी असेल तर तो धरणार कसा? आधी हवा भरा, मग बघा. ब्रेक नसलेल्या खुर्चीतून पलंगावर सरकताना रुग्ण पडतो, म्हणून हे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. जनरेटर तर तुमच्या घरचाच. आठवड्यातून एकदा अर्धा तास, पण लोड देऊन चालवा. लोडशिवाय चालवला तर न जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऐनवेळी सुरू न होण्याचं कारण मात्र बहुधा बॅटरी असते. टर्मिनल आणि पाणी तपासल्याची तारीख भिंतीवर लिहायची सवय तिथे लावून या.

दोन गोष्टींना हात लावायचा नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरला किंवा रेग्युलेटरला तेल-ग्रीस लागता कामा नये, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. डेपोत घट्ट बसलेल्या नटावर तेलाचा थेंब सोडायची तुमची सवय इथे जीव घेईल. आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, सेफ्टी व्हॉल्व्हची जुळवणी बदलायची नाही. वाफ गळतेय असं दिसलं तर वहीत लिहा, कंपनीचा माणूस येऊ द्या.

रोज एक तास एका तरुण कर्मचाऱ्याला शेजारी बसवा आणि दुसऱ्या खुर्चीपासून पान्हा त्याच्या हातात द्या. तुमच्यापेक्षा दुप्पट वेळ लागेल, लागू द्या.

रुग्णांमध्ये पत्रकं वाटू नका. अंथरुणावरचा माणूस तुम्हाला 'नको' म्हणू शकत नाही, म्हणून त्याला न विचारता काहीच देऊ नये. त्यानं प्रार्थना मागितली तर चॅप्लेनला, म्हणजे हॉस्पिटलच्या पाळकांना, बोलवा. फोटोही काढू नका.

आता वहिनी. 33 वर्षं त्यांनी तुमच्या पाळ्यांभोवती घर चालवलं. तुमचं मन भरून आलं, पण त्यांना कोणी विचारलं का? कॅलेंडर घेऊन शेजारी बसा. वर्षातून चारच आठवडे, कोणते ते त्या ठरवतील. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन तुटपुंजी असते. प्रवास आणि मेसचे पैसे त्यातून महिन्याला थोडे बाजूला टाका, ग्रॅच्युइटीला हात नको. पहिल्या तीन दिवसांच्या भेटीला त्यांनाही न्या, जागा डोळ्यांनी पाहिली की निम्मी भीती कमी होते. तरीही त्या यंदा नको म्हणाल्या तर यंदा जाऊ नका. तोवर नगरच्याच एखाद्या वृद्धाश्रमातल्या खुर्च्या शनिवारी दुरुस्त करा.

प्रार्थनेचं म्हणाल तर बऱ्याच मिशन हॉस्पिटलांत सकाळी कामाआधी कर्मचाऱ्यांची छोटी उपासना होते. मागच्या बाकावर बसा. कधी तुमची पाळी आलीच तर मनानं काही रचू नका, स्तोत्र 121 वाचा. आठच वचनं आहेत.