पाणी सुटल्याचा निरोप काकूंना का दिसत नाही?

प्रश्न : आमची सोसायटी सिंहगड रोडला, नदीपासून दोन गल्ल्या आत. २०२४च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर मी सोसायटीपुरतं एक अ‍ॅप फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) केलं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की समितीतलं कुणीतरी त्यावरून सगळ्यांना निरोप धाडतं. अ‍ॅप उघडं असताना तो सगळ्यांना दिसतो. बंद असताना माझ्या जुन्या फोनवर येतो, पण शेजारच्या काकूंच्या नव्या फोनवर काहीच नाही. निरोप फोनपर्यंत पोचवणारी गूगलची सेवा, फायरबेस, मात्र ‘पाठवला’ म्हणते. चुकतंय कुठे?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : काकूंचा फोन अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा असणार. २०२२मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स मुळात बंदच असतात. वापरणाऱ्याने ‘अलाउ’ म्हटलं तरच दिसतात. तुमचा जुना फोन १२ किंवा त्याआधीचा असेल, तर तिथे हा प्रश्नच येत नाही. निरोप काकूंच्या फोनपर्यंत पोचतोय, तो दाखवायची मुभा तुमच्या अ‍ॅपला नाही. उघड्या अ‍ॅपमध्ये तुम्ही स्वतःच तो पडद्यावर काढता, त्याला परवानगी लागत नाही. तेव्हा सर्व्हरच्या कोडमध्ये रात्री घालवू नका.

परवानगी मागायची ओळ लिहिणं पाच मिनिटांचं काम. ती केव्हा मागायची, हे मात्र नीट ठरवा. सदाशिव पेठेतल्या एका मेससाठी मी अ‍ॅप केलं होतं, तेव्हा पहिल्याच पडद्यावर परवानगी मागितली. मुलं घाईत, समोर चौकट आली की ‘नको’ दाबून मोकळी. मग संध्याकाळी मेस बंद असल्याचा निरोप कुणाला दिसेना आणि पोरं उपाशीपोटी बंद दाराशी उभी. मला फार वाईट वाटलं होतं. नंतर मी ती चौकट हलवली. मुलाने अ‍ॅपवर पहिला खाडा नोंदवला की माझा साधा मराठी पडदा यायचा : ‘मेस बंद असेल त्या दिवशी कळवू का?’ तिथे ‘हो’ म्हटलं तरच फोनची खरी चौकट. लोक आनंदाने हो म्हणू लागले, कारण कशाला हो म्हणतोय हे त्यांना कळत होतं.

तुम्हीही तसंच करा. सभासदाने फ्लॅट नंबर भरला की विचारा : ‘धरणातून पाणी सोडलं तर रात्रीसुद्धा कळवू का?’ जपून विचारायचं, कारण अँड्रॉइडवर दोनदा नकार मिळाला की फोन ती चौकट पुन्हा दाखवतच नाही. आयफोनवर तर एकदाच संधी. (अँड्रॉइडवर चौकट नुसती बाजूला सारली, तर तो नकार धरला जात नाही.) त्यानंतर उरतो सेटिंग्जचा रस्ता. म्हणून अ‍ॅप उघडेल तेव्हा परवानगी तपासा, आणि नसेल तर वर एक लाल पट्टी ठेवा; ती दाबली की थेट सेटिंग्जचं पान उघडू दे. काकूंना तीन पडदे आत जाऊन शोधायला लावू नका.

बाकीचं थोडक्यात. निरोपाचं प्राधान्य ‘हाय’ ठेवा, नाहीतर झोपलेला फोन तो मागे ठेवतो. चॅनेलचं, म्हणजे अँड्रॉइडमधल्या नोटिफिकेशन्सच्या गटाचं, महत्त्व पहिल्यांदाच वरचं ठेवा. एकदा चॅनेल तयार झाल्यावर ते कोडमधून वाढवता येत नाही, नव्या नावाचं चॅनेल काढावं लागतं. तयार नोटिफिकेशनऐवजी नुसता डेटा पाठवत असाल, तर पडद्यामागे तो हाताळणारं फ्लटरमधलं बॅकग्राउंडचं फंक्शन कोडमधल्या क्लासच्या बाहेर हवं. आणि कुणी अ‍ॅप सेटिंग्जमधून ‘फोर्स स्टॉप’ (सक्तीने बंद) केलं असेल, तर ते पुन्हा उघडेपर्यंत निरोप मिळणार नाही.

पावसाळ्याआधी एका रविवारी सगळ्यांना खाली बोलवा, फोन लॉक करायला सांगा आणि चाचणीचा निरोप पाठवा. ज्यांचा फोन वाजणार नाही त्यांचे फ्लॅट नंबर वॉचमनकडे लिहून ठेवा. पाणी सुटलं की त्या दारांवर त्याने आधी थाप मारायची.